तांबड्या फुलीची पायरी

साहेब, जुन्या वस्तीतल्या जिन्याची दुरुस्ती निकृष्ट झाली म्हणत तुमच्या खात्यानं एका पायरीवर, नवी बसवलेली हीच समजून, फोडण्यासाठी तांबडी फुली मारली, तीही नीट न बघता. काल मी तिथंच बसलो होतो. जिना दुरुस्त करणारे म्हातारे पाथरवट आणि त्यांची लेक, वस्तीत हिंडत कोडी सोडवायचा फोनवरचा खेळ खेळत आले.

“बाबा, फोन विचारतोय, या अकरा पायऱ्यांतली नंतर बसवलेली कोणती?”

“तूच शोध. मला विचारणं म्हणजे कॉपी.”

“ही फुलीवाली. छे, चूक म्हणतोय.”

“चूकच. ती मूळची.”

“मग चौथी? तीही नाही. अहो, सगळ्या सारख्याच झिजल्यात की.”

“कोरा दगड ठिगळासारखा दिसतो. म्हणून शेजारच्या पायरीची झीज मापली आणि नवा दगड मधोमध तेवढाच तासून उतरवला. आठ दिवस गेले.”

“सांगा ना आता.”

“तू उभी आहेस ती.”

“बरोबर म्हणतोय. बाबा, तुमच्या हाताला तोड नाही.”

“हात राहू दे. उद्या खात्याची माणसं मूळची पायरी फोडतील आणि नाव माझं घेतील.”

साहेब, नवी पायरी तुम्हाला ओळखताच आली नाही, तर ती निकृष्ट आहे हे ठरवलं कोणी? घण पडायच्या आत उत्तर द्या.