दारात तळं

तुम्ही सगळे विचारता ना, आमच्या खोल्या तळ्यापासून एवढ्या उंच का? त्याला कारण आमची पहिली खोली.

भंडारदऱ्याला पर्यटकांसाठी ती लाकडी खोली दादांनी, म्हणजे वडिलांनी, बांधली बहात्तरच्या दुष्काळात. धरणाचं तळं आटलेलं. दादांनी पार पाण्याजवळ खोली उभी केली आणि पाटी रंगवली : 'दारात तळं'.

आई म्हणाली, "अवो, ही जागा पान्याची हाय."

"तुला काय कळतंय?"

पुढच्या वर्षी पाऊस लागला. खोलीत पुण्याचे एक मास्तर उतरलेले, पाय प्लास्टरमध्ये. दादांनी खोलीसमोर काठी रोवली, ती तासाभरात बुडाली. मागं सरून दुसरी रोवली, तीही बुडाली.

"मास्तर, वर घराकडं चला. उचलून नेतो."

"का? दारात तळं, असं पाटीवरच लिहिलंय की!"

"अवो, आता ते घरात येतंय!"

पाणी पायरीला लागलं तसं मास्तरांचं हसू गेलं. दादा, मी आणि दोन गडी अशा चौघांनी त्यांना खाटेसकट उचललं आणि गुडघाभर पाण्यातून काढलं. तेवढ्यात समोरून आई आली, हातात खण-नारळ. दरवर्षी धरण भरलं की ती काठावर जाऊन प्रवरामाईची, म्हणजे आमच्या नदीची, ओटी भरायची. त्या दिवशी ती खोलीच्या उंबऱ्यावरच बसली.

दादा ओरडले, "ओटी कसली भरतीस? माघारी जा म्हन तिला!"

आई म्हणाली, "पाटी लावून तुमीच बोलावलं. आता बाई दारात आलीय, तर रिकाम्या ओटीनं कशी लावू माघारी?"