लक्ष्मी नव्हे, आऴी

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे पंच माणिक्कम अण्णा, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, जाळी बाजूला ठेवून आलेले बंधू आणि मासळीबाजार लवकर आवरून आलेल्या माझ्या भगिनींनो,

आज निरोप आहे माझ्या भाचीला. आपल्या किनाऱ्यावरून जहाजावर अधिकारी म्हणून जाणारी ही पहिली मुलगी. मघापासून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं आणि सगळ्यांनीच तिचं नाव मोडलं. 'आळी' नव्हे, 'आली' नव्हे. आऴी! जीभ मागं वळवा, टाळूला टेकू देऊ नका. मुंबईला शिकताना तर मैत्रिणी इंग्रजीतलं 'Aazhi' वाचून तिला 'आजी' म्हणायच्या. असो. नाव मी ठेवलंय. आपल्या तमिळमध्ये आऴी म्हणजे समुद्र. दर्यावर जगणाऱ्यांच्या लेकीला याहून मोठं नाव कुठलं?

पुढं ती त्सुनामीची लाट आली. लोक त्या लाटेला 'आऴिप्पेरलै', म्हणजे समुद्राची महालाट, म्हणू लागले, आणि सहा वर्षांच्या पोरीचं नाव अपशकुनी ठरलं. माझा भाऊ सेल्वमणि, तिचा अप्पा, तिला छपरावर ढकलून स्वतः वाहून गेला होता. तरी नळावर बायका म्हणायच्या, "सरका गं, लाट आली!" अध्यक्षमहाराज, रागावू नका, पण तुम्हीच दारात येऊन म्हणालात, "अंजलै, पोरीचं नाव बदल. लोकांना ऐकवत नाही." मी काय म्हणाले होते? "अण्णा, आधी समुद्राचं बदला. मग होड्या घाला त्यात."

पण वहिनी खचली होती. ती पोरीला 'लक्ष्मी' म्हणू लागली. पोर ओ देईना. ताट वाढून हाका मारल्या तरी जागची हलेना. एकदा वहिनीनं हात उगारला, "बहिरी झालीस का गं?"

पोर म्हणाली, "अप्पा परत आला आणि त्यानं आऴी म्हणून हाक मारली, तर ओ कोण देणार?"

वहिनीनं उगारलेल्या हातानंच पोरीला कडेवर घेतलं, दारात आली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत राहिली, "आऴी! आऴी!" त्यानंतर नळावर कुणी तोंड उघडलं नाही.

बाळे, जहाजावर लोक सोपं नाव मागतील. देऊ नकोस. त्यांना शिकू दे.

हा मंडप घालणाऱ्यांचे, आणि एवढं ऐकूनही खुर्चीत बसून राहिलेल्या अण्णांचे मनापासून आभार. माझी जीभ तिखट. काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. नावाबद्दल मात्र माफी मागणार नाही.