बुधवारचा ऑर्गन

आमचे आजोबा कोकणातून इंदूरला मिलमध्ये कारकून म्हणून आले, वडीलही मिलमध्येच, मी मात्र शाळा सोडून सराफ्याजवळ एका दुकानात पेट्या दुरुस्त करायला बसलो तो चाळीस वर्षं तिथेच. पेटी मतलब हार्मोनियम. नाव वसंत निगुडकर, पण बाजारात सगळे पेटीवाले भियाच म्हणायचे. वाजवता मला येत नाही हं, लोकांना खरं नाही वाटत, पण सूर लावणं वेगळं आणि गाणं वाजवणं वेगळं. मूलबाळ झालं नाही. सुधा गेली, मतलब माझी बायको, तेव्हापासून राजेंद्र नगरच्या घरात मी एकटा, आणि काय सांगू तुम्हाला, कधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज दिवसभर आपण एक शब्दही बोललो नाही.

तर असा बसून राहिलो होतो आणि एक दिवस जुन्या चर्चचे पादरीसाहेब शोधत आले. चर्च इंग्रजांच्या वेळचं, ऑर्गनही तसाच, पायांनी भाता मारायचा. उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं होतं. आठ दिवस लागले मला.

वाजवायच्या एस्थर मॅडम, रिटायर टीचर, माझ्याच वयाच्या. दर बुधवारी दुपारी एक वाजता, लंचच्या टेमला अर्धा तास वाजवायच्या, कोणीही या, ऐका. तुकोगंजच्या ऑफिसांतले लोक डबा खाऊन यायचे. मी भाता दम धरतो की नाही ते बघायला थांबलो. चपला बाहेर काढल्या, तर मॅडम म्हणाल्या, अरे निगुडकरजी, पहन के आइए, फर्श ठंडा है. ते त्यांचं संगीत मला काही कळत नव्हतं, पण मग दर बुधवारी जायला लागलो, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सुधा असती तर हसली असती.

लोक कमी होत गेले. वीस होते, पाच झाले, मग कधी कधी मी एकटाच.

एका बुधवारी वरचा एक सूर मुका झाला. पट्टी दाबली जायची, आवाज नाही. मॅडम थांबल्याच नाहीत. पुढच्या बुधवारी तेच. तेव्हा मला समजलं, बाईंना ऐकूच येत नाही. आता सांगायचं कसं? सांगितलं आणि वाजवणं सोडलं तर? मी पादरीसाहेबांना विचारून मंगळवारी गेलो, सूर, मतलब आतली पितळेची जीभ, बाहेर काढला, कचरा अडकला होता, साफ केला, गुपचूप घरी आलो.

बुधवारी वाजवून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, सुर आपने ठीक किया न? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी माझे ओठ वाचले आणि ऑर्गनवरचा आरसा दाखवला. लोकांकडे पाठ असते न त्यांची, म्हणून तो लावलेला. म्हणाल्या, दो हफ्ते से उस जगह आपका मुँह बिगड़ता था, आज नहीं बिगड़ा. साल भर से कान नहीं चलते, निगुडकरजी, मैं आपका चेहरा देखकर बजाती हूँ.

मी घरी आलो आणि बसून राहिलो. घरी माझं तोंड बघणारं कोणी नव्हतं, आणि इथे एक बाई वर्षभर त्याच्यावर विसंबून होती. मग ताप असला तरी बुधवार चुकवला नाही मी.

मागच्या हिवाळ्यात त्यांची भाची त्यांना जबलपूरला घेऊन जायला आली. शेवटच्या बुधवारी मी एकटाच होतो. माझे डोळे भरून आले, आणि मॅडम मधेच थांबल्या, वळून म्हणाल्या, कौन सा सुर गया? मी मान हलवली, हाताने खूण केली, सगळं बरोबर आहे, वाजवा. त्यांनी पूर्ण वाजवलं.

फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही, भाचीच बोलते, मौसी ठीक हैं, म्हणते. आता वाजवणारं कोणी नाही. पण ऑर्गन बंद राहिला की सूर धरतात, अडकून मुके होतात, म्हणून बुधवारी मी जातो, पायांनी भाता मारतो आणि पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक दाबून जातो. गाणं नाही होत त्याचं. एकेक सूर बोलतो, बस. तिकडे जबलपूरला मॅडम सुखी राहोत, आणि त्यांच्या बोटांना तिथे काहीतरी वाजवायला मिळो.