ताईच्या भरवशावर सोडलेला काठ

आदरणीय अध्यक्ष फर्डिनंड सर, व्यासपीठावरचे पाहुणे, आज जिला निरोप द्यायचा ती आपली संपदाताई, आणि गोखिवऱ्याच्या या हॉलमध्ये जमलेले सगळे, तुम्हाला माझा नमस्कार.

मी रिचेल, अर्नाळ्याची. भाषणाची सवय नाही. बारावी अर्ध्यात सोडून गोव्याला गेले, मग गोकर्णला, तिथे एक कुत्रा माझी चप्पल घेऊन... असो. फिरून घरी आले तर मम्मी खाटेवर. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आता गर्भपिशवी काढलेली. मासळीच्या टोपल्या उचलणारी बाई उठून बसायला घाबरायची. डॉक्टर म्हणाले, "जखम भरलीय, पाण्यातला व्यायाम करा." मम्मी म्हणाली, "पान्यात तुझा बाप जातो. मी कधी गेलेय?"

खरंच ना? आमच्या बाया समुद्राला गुडघ्यापर्यंतच ओळखतात.

पाण्यातला व्यायाम शिकवणाऱ्या आपल्या संपदाताईने तिला गाऊनवरच स्विमिंग पूलमध्ये उतरवलं. छातीपर्यंत पाणी. मम्मी काठ सोडेना. ताई म्हणाली, "फिलोमिनामावशी, इथे आपण बायकाच. दार बंद आहे. सोडा." मम्मीने सोडला. हळूहळू चालायला लागली, गुडघे उचलायला लागली, बाकीच्यांवर पाणी उडवून वर त्यांनाच शिव्या द्यायला लागली! याचे आभार मानायला शब्द कुठून आणू?

पण ताई, तू मोबाईलवर शूटिंग केलंस. "पाय कुठे चुकतात ते दाखवायला," म्हणालीस. तुझ्या ठाण्याच्या नव्या सेंटरच्या जाहिरातीत तेच निघालं. ओला गाऊन अंगाला चिकटलेली माझी मम्मी, आणि खाली लिहिलेलं, 'ऑपरेशन झालंय? लाजू नका!' बाजारात एकजण तिला म्हणाला, "काय गो फिलू, हिरोईन झालीस?" त्या दिवसापासून ती पाण्यात उतरलेली नाही. परत खाट धरलीय.

काल मी ताईला विचारलं. म्हणते, "अगं, चेहरा कुठे नीट दिसतोय?" ताई, अर्नाळ्यात पाठमोरी बाईसुद्धा ओळखतात.

आज मम्मीला म्हटलं, चल समारंभाला. ती म्हणाली, "तिला सांग, तुझ्या भरवशावर मी काठ सोडला होता."

पुष्पगुच्छ माझ्या हातून द्यायचं ठरलंय. मी तो टेबलावर ठेवते. ताई, आधी मोबाईल काढ आणि ती जाहिरात पुसून टाक, इथेच. आम्ही थांबतो. मग ठाण्याला जाण्याआधी अर्नाळ्याला ये.

अध्यक्षसाहेब, तुम्ही मला मध्येच बसवलं नाहीत, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझ्याकडून काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल तर पोटात घाला. ताईचं पोटात घालायचं की नाही, ते मम्मी ठरवेल.