सगळं गाव हजर

सगळ्या गावाची सभा मी देवळात भरवली अन् कागदावर लिहिलं, सगळं गाव हजर. चूक मायीच, दुसऱ्या कोणाची नाई.

मी मूळचा आर्वीकडचा. मॅट्रिक झालो तसा बाप म्हणे, जाय आता सरकारच्या कामावर, आमच्या वावरात तुया तसाही काही उपयोग नव्हता. तेवढ्यात पंचवार्षिक योजना आली, विकास गटाची कचेरी उघडली अन् मी ग्रामसेवक झालो. काय सांगू तुम्हाले, सायकलची घंटी वाजवत गावात शिरलो की वाटे, दिल्लीचं सरकार मीच हँडलाले टांगून आणून राह्यलो.

तं एका गावाले विहीर मंजूर झाली. साहेबानं बजावलं, पाणी सगळ्यायचं, जागा सगळ्यायले विचारून ठरव. मी देवळात सतरंजी टाकली, समतेवर तासभर भाषण ठोकलं. पाटील म्हणे, जागा माया घरामागं. कोणी नाई म्हटलं नाई. मी खूश, एकमतानं ठराव!

मंग श्रमदानाले माणसं पाह्यजेत म्हणून नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलो. त्या लोकायले देवळाची पायरी चढू देत नव्हते, अन् उन्हाळाभर तिथच्या बाया नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. भागाबाई म्हणून एक म्हातारी झिऱ्यापाशी बसली होती. म्हणे, वाच बरं बापू, कागदात काय हाय. मी ऐटीत वाचलं, सगळं गाव हजर. ती म्हणे, मंग मी कोठी बसली होती रे? देवळातल्या खांबाच्या इकडं का तिकडं?

मी सायकलकडं पाह्यलं. पंक्चर असती तं बरं झालं असतं, तेवढंच हाताले काम.

कागद फाडला, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या अन् दुसरी सभा गोठाणात घेतली, जिथं सकाळी साऱ्या गावाची ढोरं जमतात अन् कोणीच कोणाले अडवत नाई. भाषणाच्या भरात माया पाय शेणात गेला, अन् सभा खरंच एकमतानं हसली. पाटील फुगून बसला, पण त्याचीच बायको उठली, म्हणे, सारं गाव माया घरामागं बादल्या आपटन, मले नाई पाह्यजे, रस्त्यावर कडूनिंबापाशी खोदा. भागाबाई म्हणे, खोदा, पण आमचीबी बादली त्याच विहिरीत जाईन.

सगळे पाटलाकडं पाहू लागले. मी म्हटलं, हे कबूल नसन तं विहीर दुसऱ्या गावाले जाते. जिंदगीत इतकं लहान भाषण मी केलं नाई, अन् तेच कामी आलं. पाटील बैलायकडं पाहत म्हणे, मंग खोदा कडूनिंबापाशी.

पाणी लागलं. पहिली बादली भागाबाईनं शेंदली. गावातल्या काही बाया आठ दिवस रुसून राह्यल्या, मंग उन्हानं त्यायलेबी आणलं.

आताही त्या रस्त्यानं गेलो की मी थांबून पाणी पितो. परवा भागाबाई तिथंच होती. मी म्हटलं, आजी, पाणी काय गोड हाय वो!

म्हणे, राहीनच ना. जागा तू थोडीच निवडली होती?