कलम नऊ आणि पाडवा

नाही नाही, चहा नको इंद्रनील, पायातल्या चपला काढत नाही, दारातूनच बोलतो — आधी हे पत्र घे, सोसायटीचं आहे, सेक्रेटरी म्हणून दिलंय, राजारामकाका म्हणून नाही. ती गुढी उतरव. — कौन्सिल? नगरपालिकेचा इथे काय संबंध! हा कव्हनंट आहे, जमिनीच्या मालकीलाच चिकटलेला करार, घर घेताना वकिलाने तुला दिला असणार — वाचला नाहीस ना? कोणीच वाचत नाही. उद्या घर विकलंस तर तू सुटशील, नियम मात्र पुढच्याच्या बोकांडी बसेल. कलम नऊ: रस्त्यावरून दिसेल अशी काठी नको, झेंडा नको, वाळत घातलेला कपडा नको. तुझ्या गुढीत तिन्ही गोष्टी आल्या. — संध्याकाळी उतरवणारच आहेस? अरे, एका दिवसाची सूट कुठे लिहिलीय त्यात!

आणि तक्रार कोणीही शेजारी करू शकतो — नाही, तुझी अजून कोणी केली नाही. तशी समोरच्या ग्रॅहमचीही कोणी केली नव्हती, त्याने रग्बीचा झेंडा लावला तेव्हा... म्हणजे केली एकाने, नाव न सांगता. आता तोंडातून निघालंच आहे तर सांगतो, मीच केली. पुढच्या पाडव्यानंतर ग्रॅहम माझ्या गुढीचा फोटो घेऊन मीटिंगला हजर, हसत होता रे सगळ्यांसमोर. तेव्हापासून सहा वर्षं आमची गुढी घरातल्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनशेजारी. सुलभा, तुझी काकू, तिथेच हात जोडते आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाही. वाईट मलाही वाटतं, पण मीच नियम मोडला तर लोकांना कुठल्या तोंडाने पत्रं देऊ?

आज तर तिने लाँड्रीत काठीसुद्धा आणली नव्हती. म्हटलं, बरं झालं, नाद सोडला — काय? मागे काय बघू?

...आमचीच बाल्कनी ना ती? तो तिचा लग्नातला शालू आहे. कपाटातून कधी काढू देत नाही मला. आणि शेजारी काठी धरून कोण — ग्रॅहम?

गुडघे दुखतात रे तिचे. मला हाक मारली असती तर... नाही, मला कशाला हाक मारेल.

काठी हलतेय अजून, त्याला नाही जमायचं ते. दे, ते पत्र दे इकडे. — फाडत नाही, जाड कागद आहे, घडी घालून तिच्या काठीच्या बुडाशी पाचर मारतो. तुझी गुढी राहू दे. जा, दार लाव.