साबुदाण्याचं पोट

हसा, पण आधी पुरतं ऐका. मी सेहेचाळीस वर्षांची होते, पदरी मूल नव्हतं. तीन महिने पाळी आली नाही आणि पोट फुगायला लागलं. वाटलं, देवानं ऐकलं. सोमवार होताच, त्याच्या जोडीला गुरुवार धरला, मग शनिवारही. उपास वाढले तसं पोटही वाढलं, आणि माझी खात्रीही.

हे रेल्वेत, कायम बाहेर. दृष्ट लागेल म्हणून त्यांनाही बोलले नाही. दौंडात सगळे ओळखीचे, म्हणून एकटीच एसटीनं शिरूरला गेले. तिथल्या नर्सबाईंनी पोट दाबून पाहिलं.

"मावशी, खाता काय?"

"उपासाचं. साबुदाणा, शेंगदाणे."

"पाळी जायच्या वयात पोट आधीच बिघडतं, त्यात तुमचा साबुदाणा. लेकरू न्हाई वो, वारा हाय. ओवा खावा आन् उपास सोडा."

कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळं समजूत घालायलाही कुणी नव्हतं. घरी येऊन ओवा चावला. गुरुवार सोडला, शनिवार सोडला.

सोमवार तेवढा ठेवला. नर्सबाई वयानं लहान होत्या, चुकल्याही असतील.